किल्ल्यापासून शंभर मीटर, आणि त्याच्या पुढचं सोलापूर

भुईकोट किल्ल्याच्या आसपास ज्यांची घरं आहेत ते आमच्या ऑफिसात आले की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, आमच्या जागेला पुरातत्त्ववाल्यांचं काय लफडं आहे का बघा की." मी एका इंजिनिअरांकडे प्लॅन काढायचं काम करते, म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा बघणं, मोजणीचा नकाशा, जागेवर जाऊन माप घेणं, ड्रॉइंग, मग फाइल. आणि किल्ल्याच्या बाजूची जागा असली की लोक आधीच टेन्शनमध्ये असतात, कारण कुणीतरी त्यांना सांगून ठेवलेलं असतं की तिथं खिळासुद्धा मारता येत नाही, नाहीतर दुसऱ्या कुणीतरी सांगितलेलं असतं की काही होत नाही बे, सुट्टीच्या दिवशी स्लॅब टाकून मोकळा हो. दोन्ही चूक आहे. आणि दोन्ही ऐकून नुकसान झालेली माणसं मी बघितलीयत, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी किल्ल्याचंच घेऊ. सोलापूरचा भुईकोट केंद्र सरकारच्या यादीत आहे, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात. दारात तो निळा बोर्ड आहे बघा, आपण सगळे त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढतो पण वाचत नाही. त्यावर ज्या कायद्याचं नाव असतं तो १९५८ चा, प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम. त्याच्याही आधी इंग्रजांच्या काळात कर्झनने १९०४ साली एक कायदा केला होता, हा त्याच्या पुढचा. पण घरमालकांना ज्याची झळ लागते तो भाग नंतरचा आहे. १६ जून १९९२ ला एक अधिसूचना निघाली की संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्याच्या पुढचे २०० मीटर विनियमित, म्हणजे परवानगी घेऊन बांधायचा. ही तारीख लक्षात ठेवा, पुढं कामाला येते.

मग २०१० साली काय झालं, हे सांगायलाच पाहिजे कारण ह्यात लोकांचा राग कुठून येतो ते कळतं. १९९२ नंतरही १०० मीटरच्या आत काही काही जणांना खास परवानग्या मिळत होत्या, एक समिती नेमलेली होती, तिच्या शिफारशीवर. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्हटलं की अशी परवानगी द्यायचा अधिकारच कायद्यात नाही. त्यावर सरकारने आधी अध्यादेश काढला आणि २०१० मध्ये कायद्यातच दुरुस्ती केली, १०० आणि २०० मीटर थेट कायद्यात लिहिले, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण नावाची वेगळी संस्था उभी केली, आणि शिक्षा वाढवली. आधी स्मारकाची नासधूस केली तर तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड एवढंच होतं, आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रतिबंधित पट्ट्यात बांधकाम केलं तरी तेवढीच शिक्षा, विनियमित पट्ट्यात विनापरवाना केलं तरी तेवढीच. त्यामुळे "सुट्टीच्या दिवशी स्लॅब" वाल्यांनी हे वाक्य परत एकदा वाचावं.

आता खिळ्याचं. एक काका आले होते, घर जुनं, आजोबांच्या वेळचं, किल्ल्यापासून शंभर मीटरच्या आतच बसतं. वरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, गळायला लागलं, पावसाळ्यात सगळी भांडी घरभर मांडून ठेवायची, भिंतीला पोपडे, म्हाताऱ्या आईची खाट ह्या खोलीतून त्या खोलीत. त्यांना सांगणाऱ्याने सांगितलं होतं की हात लावला तर जेलमध्ये जाल, आणि त्यांनी ते खरं मानून कित्येक पावसाळे तसेच काढले. मला इतकं वाईट वाटलं. कायदा असं म्हणतच नाही हो! घर १६ जून १९९२ च्या आधीचं असेल तर शंभर मीटरच्या आतसुद्धा दुरुस्तीला, नूतनीकरणाला अर्ज करता येतो. पाडून नवीन बांधता येत नाही, मजला चढवता येत नाही, पण छत बदलणं, भिंत सावरणं, गिलावा, फरशी ह्याला परवानगी मिळते. फक्त घर त्या तारखेआधी होतं ह्याचा पुरावा पाहिजे, म्हणजे जुनी घरपट्टीची पावती, सिटी सर्व्हेचा उतारा, जुनं लाइट बिल, असलं काहीही जपून ठेवलेलं. काकांकडे ट्रंकेत आजोबांच्या नावाच्या पावत्यांची अख्खी चवड निघाली, पिवळ्या पडलेल्या, सुतळीने बांधलेल्या. त्यांचं काम झालं.

आणखी एक, सार्वजनिक गटार दुरुस्त करणं, नळाची लाइन, लाइटची लाइन, सार्वजनिक शौचालय ह्या गोष्टी कायद्याच्या भाषेत "बांधकाम" ह्या शब्दात धरलेल्याच नाहीत. त्यामुळे आमच्या गल्लीत गटार किल्ल्यामुळे होत नाही असं कुणी सांगत असेल तर त्याला कायदा दाखवायला सांगा.

माप कुठून धरायचं ह्यावरून तर भांडणं होतात. लोक तटाच्या भिंतीला टेप लावतात. तसं नाही, संरक्षित क्षेत्राची जी हद्द नकाशावर आहे तिथून शंभर मोजायचे, तट कुठं आहे त्याचा संबंध नाही. म्हणून स्वतः टेप धरून निष्कर्ष काढू नका, अर्जाबरोबर उपग्रहाच्या नकाशावरचं ठिकाण लागतंच, ते व्यवस्थित मार्क करून घ्या. अर्ज ऑनलाइन जातो. सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे ह्या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने, पंधरा दिवसांत तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस करायची, मग एका महिन्यात निर्णय. कायद्यात ही मुदत लिहिलेली आहे. प्रत्यक्षात त्रुटी निघतात, कागद परत येतात, वेळ जातो, हे सगळं मला रोज दिसतं आणि त्याचा मनस्ताप मी कमी लेखत नाही. पण बहुतेक त्रुटी साइट प्लॅन चुकीचा, उंची लिहिलेली नाही, जिना-टाकीसकट एकूण उंची दिलेली नाही, तळघर आहे का नाही ते मोकळं सोडलेलं, अशाच असतात. इंजिनिअरला सांगून पहिल्यांदाच नीट भरून घ्या.

बरं, एवढा जाच कशासाठी? एका क्लायंटने मला विचारलं होतं, पडका तर किल्ला आहे, आत बाग आहे, संध्याकाळी पोरं बसतात, त्याच्यासाठी आम्ही का अडायचं. रागाने नाही, मनापासून विचारलं होतं. मी त्यांना म्हटलं एकदा आत जाऊन भिंत बघा, दगडाजवळ जाऊन. आपला किल्ला बहामनी काळातला, दुहेरी तटाचा, बाहेर खंदक आणि एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. आत बत्तीस खांबी नावाची वास्तू आहे. जमिनीखालून वर काढलेले देवळाचे अवशेष आहेत. आणि तटात ठिकठिकाणी देवळांचे कोरीव दगड बसवलेले आहेत, कुठं नक्षीचा पट्टा आडवा ऐवजी उभा लागलाय, कुठं एखादी मूर्ती अर्धी दिसते, कारण ज्याने भिंत बांधली त्याला तो फक्त चौकोनी दगड पाहिजे होता. त्याच भिंतीत फारसी शिलालेखही आहेत. म्हणजे यादव-चालुक्यांच्या वेळचं शहर, बहामनी, आदिलशाही, निजामशाही सगळं एकाच भिंतीत एकावर एक. ह्या किल्ल्यासाठी विजापूर आणि अहमदनगर किती वर्षं एकमेकांशी भांडले, चांदबिबीच्या लग्नात हा किल्ला आंदण म्हणून गेला, १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या मन्रोने तो पेशव्यांच्या फौजेकडून घेतला. हे सगळं पुस्तकात आहेच, पण पुस्तक जळलं तरी दुसरी प्रत मिळते, ती उलटी बसवलेली नक्षी परत मिळत नाही.

आणि ड्रॉइंग काढणारी म्हणून सांगते, शंभर मीटर हा आकडा हवेतला नाही वाटत मला. आपल्याकडं काळी माती. उन्हाळ्यात वितभर भेगा पडतात, पावसात फुगते. अशा मातीवर शेकडो वर्षांचं चुन्यातलं बांधकाम उभं आहे, त्याच्या शेजारी कुणी तळघरासाठी मोठा खड्डा खणला, पाण्याचा उपसा सुरू केला, ब्रेकर लावला, की पायाखालची माती हलते. आरसीसीच्या बिल्डिंगला बारीक क्रॅक जातो, चुन्याच्या भिंतीचं पोट पुढं येतं आणि मग एखाद्या पावसाळ्यात सरळ कोसळते. शंभरच्या ऐवजी ऐंशी का नाही, प्रत्येक स्मारकाला वेगळं अंतर का नाही, हा वाद जरूर घाला, तो रास्त आहे. कायद्यातच प्रत्येक स्मारकासाठी वेगळे वारसा उपविधी करायची तरतूद आहे, कुठं किती उंची, कसा दर्शनी भाग ते त्या जागेप्रमाणे ठरवायचं. ते उपविधी सगळीकडचे लवकर व्हावेत आणि मराठीत प्रत्येक पेठेत लावावेत, ही माझी मागणी आहे. लोकांना नियम कळला तर लोक पाळतात, माझा तरी हाच अनुभव आहे.

देशाचं चित्र बघितलं तर छाती दडपते. केंद्राच्या यादीत साधारण ३,७०० स्मारकं. २०१३ साली कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेने, तपासणी केली तेव्हा ९२ स्मारकं जागेवर सापडलीच नाहीत. नंतर शोधाशोध झाली, बरीचशी मिळाली, पण संसदेच्या स्थायी समितीसमोर जी माहिती आली त्याप्रमाणे ५० स्मारकं गेलेलीच. त्यातली १४ शहरं वाढत गेली त्यात गिळली गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली, २४ चा पत्ताच लागत नाही. म्हणजे यादीत नाव असून ही गत. आणि पहारेकरी? त्याच समितीच्या अहवालात आहे की पहारेकरी फक्त २४८ ठिकाणी, मिळून २,५७८ माणसं. बाकी स्मारकं आजूबाजूच्या लोकांच्या भरवशावर. म्हणून किल्ल्याशेजारी राहणाऱ्या माणसाला कायद्याचा शत्रू करून टाकणं मला परवडणारं वाटत नाही, रात्री कुणी तटाचा दगड काढत असेल तर तोच बघणार आहे.

पण खरं सांगू का, मला रोज जी गोष्ट खाते ती ह्या तीनशे मीटरच्या बाहेरची आहे. आतल्याला निदान कायदा आहे. बाहेरच्या सोलापूरला काय?

जुन्या पेठांतले वाडे घ्या. वारस आठ-दहा, भाडेकरू तीन-चार, कोर्टकचेऱ्या, त्यातून एखादा बिल्डर पुढं येतो आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, मी त्यांना दोष देत नाही, त्या घरात मीही राहिले नसते. आमच्याकडे जुन्या बांधकामाचं माप घ्यायचं काम येतं ते पाडायच्या आधीच. एका वाड्यात गेले होते, दारावरची गणेशपट्टी हाताच्या पंजाएवढ्या पानांच्या वेलीत कोरलेली, आत चौक, सागवानी खांब, खांबाच्या माथ्यावर हस्त म्हणजे कोरीव लाकडी आधार, त्यावर तुळया, वर लाकडी तक्तपोशी आणि पांढऱ्या मातीचं माळवद, आणि एका कोपऱ्यात ज्वारी साठवायचं पेव, त्याचं तोंड फरशीने झाकलेलं. खालची पोरगी मला सांगत होती की आजी म्हणायची पेवात लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा, विझला तर आत हवा वाईट आहे. मी माप घेत होते आणि बाहेर जुनं लाकूड घेणाऱ्यांचा टेम्पो येऊन उभा होता, ते टेपने खांबांचा घनफूट काढत होते. माझं आणि त्यांचं काम एकाच वेळी चाललेलं. तेव्हापासून मी असल्या प्रत्येक घराचा नीट नकाशा काढून, चौकटी-हस्तांचे फोटो घेऊन, मालकांना विचारून एक प्रत ठेवते. घर वाचत नाही त्याने, पण ते कसं होतं एवढं तरी राहतं.

कायद्यात ह्यांच्यासाठी काहीच नाही असं नाही. तीन दारं आहेत. एक केंद्राचं, वर सांगितलं ते. दुसरं राज्याचं, महाराष्ट्राचा स्वतःचा १९६० चा कायदा आहे आणि राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे, राज्य संरक्षित स्मारकं त्यांच्याकडं. तिसरं दार शहराचं. १९६६ च्या नगररचना कायद्यात विकास आराखडा करताना ऐतिहासिक, वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागा जपायची तरतूद घालता येते असं लिहिलंय, मुंबईने १९९५ मध्ये त्याच जोरावर हेरिटेज नियमावली केली, इमारतींना श्रेणी १, २-अ, २-ब, ३ लावल्या. आणि २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा इमारतींचा भाग आहे, जी आपल्याकडेसुद्धा लागू आहे. हे तिसरं दार सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात कमी ठोठावलेलं. श्रेणी ३ मध्ये तर मालकाला आतून बरेच बदल करू देतात, जपायचा असतो तो मुख्यतः दर्शनी भाग आणि त्या गल्लीचा चेहरा. लोकांना वाटतं हेरिटेज म्हणजे घर सरकारजमा. नाही हो, घर तुमचंच राहतं, विकता येतं, भाड्याने देता येतं.

आणि जपलं तर काय होतं ते बघायला लांब जायला नको. इंद्रभुवन बघा. अप्पासाहेब वारदांनी बांधलेली वास्तू, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण झालेली, नंतर महापालिकेची झाली. तिचं जतनाचं काम झाल्यावर रात्री लाइटमध्ये ती बघायला लोक मुद्दाम गाडी थांबवतात, बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन जातात. भैय्या चौकातलं, चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांची सेवा करणाऱ्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर, ते १९१० साली जिथं जन्मले, महापालिकेने स्मारक केलं म्हणून उभं आहे, आणि चीनवरून माणसं तिथं येऊन नतमस्तक होतात. ह्याच शहरात १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल होती, लक्ष्मी-विष्णू होती, नरसिंग गिरजी होती, अख्खं शहर ज्यांच्या भोंग्यावर उठायचं. सोलापूर म्हणजे गिरणगाव हे आपण भाषणात म्हणतो, पण गिरणीच्या इमारती, चिमण्या, चाळी ह्यांच्याकडं "वारसा" म्हणून बघायची सवय अजून आपल्याला लागलेली नाही. देऊळ-किल्ला म्हटलं की मान हलते, चाळ म्हटलं की हसतात. मला हे अजिबात पटत नाही.

आता गावाकडं. माझी मावशी सीना काठच्या एका गावात असते. तिथं महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार करायचा ठरला, वर्गणी जमली, ठेकेदाराने एस्टिमेट दिलं त्यात सभामंडप पाडून आरसीसी, गाभाऱ्याला टाइल्स, खांबांना ऑइलपेंट. देवळाच्या मागं चिंचेखाली चार वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांचे स्मृतिदगड, टेकवलेले, त्यातला एक पायरीला लावायचा म्हणून बाजूला काढलेला. हे देऊळ ना केंद्राच्या यादीत ना राज्याच्या, म्हणजे कायद्याने कुणी अडवणार नव्हतं. मावशीने मला फोन करून सांगितलं, "तू ते दगडाचं बघतीस ना, ये की जरा, सरपंचांशी बोल."

गेले. तो पायरीला काढलेला वीरगळ मी आधी पाण्याने धुऊन घेतला, नुसत्या पाण्याने, शेंदराचे थर होते. तीन कप्पे होते त्याला. खालच्या कप्प्यात लढाई, एक माणूस ढाल-तलवार घेऊन आणि मागं गुरं, म्हणजे गावाची गुरं सोडवताना मेलेला. मधल्या कप्प्यात त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या अप्सरा. वरच्यात तोच माणूस शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ह्याची कीर्ती राहील. मी हे बोट ठेवून ठेवून सांगत होते आणि आजूबाजूला माणसं जमत गेली. एक म्हातारे बापू होते, ते म्हणाले, "मंजी हा आपल्या गावासाठी मेलेला हाय की. आन आपण ह्याच्यावर पाय ठिवणार?" त्यानंतर मला फार बोलावंच लागलं नाही.

टाइल्सचा मुद्दा मात्र अडला. बायकांचं म्हणणं होतं की जुना दगड काळा पडलाय, तेलकट झालाय, देव स्वच्छ जागेत असावा, आणि ते म्हणणं चूक कसं म्हणणार. मी पंढरपूरचं सांगितलं. २०२४ मध्ये विठ्ठल मंदिराचं संवर्धन झालं तेव्हा गाभाऱ्यातला नंतर बसवलेला ग्रॅनाइट काढून टाकला, मूळ काळा दगड मोकळा केला, त्यासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद ठेवलं होतं हे सगळ्यांना आठवत होतं, आणि त्याच कामात मे महिन्याच्या शेवटी हनुमान दरवाजाजवळ तळघर निघालं, त्यात जुन्या मूर्ती मिळाल्या, हेही टीव्हीवर सगळ्यांनी बघितलेलं. पांडुरंगाच्या गाभाऱ्यात टाइल्स नकोत तर आपल्या महादेवाला कशाला, हे त्यांना पटलं. दगड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचा, सँडब्लास्टिंग नाही, ॲसिड नाही, ऑइलपेंट नाही, कारण दगडातली ओल बाहेर पडायला वाट लागते, पेंट मारला की ओल आत कोंडते आणि वरचा पापुद्रा नक्षीसकट सुटतो. सांधे सिमेंटने नाही, चुन्याने भरायचे. सभामंडप राहिला. शिखर मात्र सिमेंटचं झालं, रंगीबेरंगी, ते मला थांबवता आलं नाही, वर्गणीदारांची पाटी त्यावरच लागायची होती. वीरगळ आता ओट्यावर ओळीने उभे आहेत.

आपल्या जिल्ह्यात असे दगड किती महत्त्वाचे ठरू शकतात ह्याला हत्तरसंग कुडलचा दाखला पुरे आहे. भीमा-सीनेच्या संगमावरचं संगमेश्वराचं देऊळ, तिथल्या तुळईवरचा शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी लेख, मराठीच्या अगदी आरंभीच्या शिलालेखांतला. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार गावोगाव फिरून असले लेख वाचत राहिले म्हणून तो उजेडात आला. शेजारी हरिहरेश्वराचं देऊळ, त्यातलं ३५९ मुखांचं शिवलिंग, तेही मातीखालून वर आलेलं. समजा कुणी उत्साहाच्या भरात ती तुळई रंगवून टाकली असती, किंवा ढिगारा सपाट करून समाजमंदिर बांधलं असतं?

मातीखालून आठवलं. पाया खणताना, शेतात नांगरताना, विहीर काढताना नाणी, मूर्ती, तांब्याचा पत्रा असलं काही निघालं की लोक दोन गोष्टी करतात, एक तर गुपचूप सोनाराकडे, नाहीतर लगेच शेंदूर लावून पूजा. ह्याला अजून १८७८ चा निखात निधी कायदा लागू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण ह्याच कायद्यात दुसरी बाजूही आहे जी कुणी सांगत नाही. मालक निघाला नाही आणि सापडवणारा व जमीनमालक यांचं आपसात काही ठरलेलं नसेल तर चारातले तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा, आणि सरकारने ठेवून घ्यायचं ठरवलं तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन घ्यायचं. सोनार वितळवून देतो त्यापेक्षा हे बरं, आणि जेलची भीती नाही. शंभर वर्षांच्या वरची मूर्ती असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदाही येतो, तिची नोंदणी करावी लागते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. सापडल्या जागी आधी फोटो काढा, किती खोल होतं ते लिहून ठेवा, मग तलाठ्याला आणि तहसीलला कळवा. वस्तूइतकीच ती सापडलेली जागा आणि खोली महत्त्वाची असते.

तुमच्या गावातलं देऊळ, गढी, बारव राज्याच्या यादीत घालायची असेल तर ते फक्त मंत्रालयातून होतं असं समजू नका. ग्रामसभेचा ठराव, सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, मोजणीचा नकाशा, चारी बाजूंचे आणि आतले फोटो, माहीत असलेला इतिहास, शिलालेख असेल तर त्याचा ठसा किंवा फोटो, एवढं घेऊन पुण्याच्या विभागीय पुरातत्त्व कार्यालयाकडे प्रस्ताव जातो. आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिने, मग अंतिम. वेळ लागतो, पाठपुरावा करावा लागतो, पण एकदा नाव लागलं की पुढच्या सरपंचाला ते सहज पाडता येत नाही.

शेवटचं. केंद्राच्या कायद्यात प्राचीन स्मारक म्हणायला किमान शंभर वर्षं लागतात. १९३० च्या एप्रिलमध्ये आपल्या नगरपालिकेवर तिरंगा चढला, मे महिन्यात गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा येरवड्यात फाशी गेले. म्हणजे मार्शल लॉच्या सोलापूरला शंभर वर्षं व्हायला आता थोडीच राहिलीत. त्या काळातल्या कुठल्या इमारती, कुठले चौक, कुठली घरं अजून जागेवर आहेत ह्याची यादी मी आणि दोन-तीन मित्रमैत्रिणींनी करायला घेतलीय, शहराच्या हेरिटेज यादीला शंभर वर्षांची अट नसते त्यामुळे थांबायचं कारण नाही. तुमच्या घरात त्या वेळचे फोटो, नोटिसा, पावत्या, घरपट्टीचे कागद असतील, किंवा आजी-आजोबांनी अमुक वाड्यात सभा व्हायच्या असं सांगितलेलं असेल, तर तो वाडा कुठल्या पेठेत, कुठल्या गल्लीत आणि आज तिथं काय आहे एवढं लिहून कळवा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, मलासुद्धा, फक्त मोबाइलवर सरळ उजेडात फोटो काढून पाठवा.